आईच्या कानावर नको

आईला घराबाहेर काढायचं काम ताईकडे होतं आणि ते तिनं चष्म्याच्या निमित्तानं उरकलं. "काडी बघ कशी सैल झालीय, पडून फुटेल, चल दुकानात," म्हणत तिनं आईला गाडीत घातलं. काडी आपली आपण सैल झाली नव्हती. ती ताईनंच आदल्या दिवशी गुपचूप केली होती. दातांच्या डॉक्टरीणबाई त्या, त्यांच्याकडे बारीक हत्यारांना काय तोटा!

गाडी कोपऱ्यावरून वळली तशी वहिनीनं खिडकीतून हात केला. मग समोरच्या झाडाखाली उभा असलेला छोटू रस्ता ओलांडून फाटकातून आत आला. एका हातात हत्यारांची पेटी, दुसऱ्या हातात पेट्रोलचा डबा. छोटू आता नावालाच छोटू उरला होता. डोक्यावर टक्कल, गाड्यांच्या रंगकामाची स्वतःची शेड, हाताखाली चारदोन माणसं. पण शेंडेफळ ते शेंडेफळच. समोर ओट्याच्या पायऱ्या होत्या, त्या टाळून तो बाजूनं थेट गॅरेजकडे गेला. अण्णा, त्याचे वडील, गेले त्या वर्षापासून तो या पायऱ्या चढला नव्हता.

"भावजी, पाणी आणू?" वहिनीनं विचारलं.

"नको वहिनी, आणलंय." त्यानं खिशातली बाटली दाखवली.

वहिनीला ती बाटली फार लागली. मला बाटली दाखवतात! लग्न होऊन आले तेव्हा ह्याच घरात माझ्या हातची भाकरी तव्यावरून उचलून पळणारे हे! तिच्या मनात आलं, एकदा दोघा भावांची डोकी एकमेकांवर आपटावीत आणि मोकळं व्हावं. पण ती गप्प राहिली. या घरात गप्प राहायची सवय सगळ्यांनाच लागली होती, आणि ती लावली होती ताईनं.

त्याचं असं झालं. अण्णा जायच्या आधी त्यांची पिवळी, म्हणजे दोन सीटांची ती जुनी स्पोर्ट्स गाडी, रंगासाठी छोटूच्या शेडमध्ये होती. अण्णा गेले, गाडी घरी आली, आणि कागदपत्रं आईच्या नावावर करताना तपासणीत निघालं की इंजिनचा नंबर जुळत नाही. अण्णांनी आयुष्यभर जिवापाड जपलेलं इंजिन गाडीत नव्हतंच. दुसरंच कुठलंतरी होतं. दादा तेव्हा छोटूला नाही नाही ते बोलला. चोर हा शब्दही त्यात होता. छोटू एका शब्दानं उलटून बोलला नाही, निघून गेला. आणि ताईनं कायदा केला. "आत्ताच अण्णा गेलेत. यातलं अक्षर आईच्या कानावर जाता कामा नये." कायदा केला होता महिन्याभरासाठी, राहिला तो कायमचाच. आई छोटूला भेटायची ती ताईच्या घरी. त्याच्याबद्दल इथं काही विचारायची नाही.

आणि गेल्या आठवड्यात आईनंच बॉम्ब टाकला. "पिवळी छोटूला देऊन टाकू. तो हाकेल तरी. इथं नुसती उभी राहून गंजतेय."

दादाच्या घशात घास अडकला. आईला 'नाही' कसं म्हणायचं, आणि का म्हणायचं? शेवटी ताईनंच तोडगा काढला. तिची लेक बीडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, कारखान्यात इंजिनाचे ब्लॉक ओतायच्या कामावर इंजिनीअर होती. घरात तिला सगळे ओतारीण म्हणत. ती येऊन इंजिन बघेल आणि ते कुठल्या गाडीचं ते सांगेल. म्हणजे कुठून आलं ते कळेल. छोटूच्या शेडमधून आलेलं निघालं तर गाडी इथंच राहील आणि छोटू पुन्हा फाटकात पाऊल टाकणार नाही. छोटू फोनवर एवढंच म्हणाला होता, "चालेल. बघाच एकदा."

गॅरेजमध्ये ओतारीण आधीच बॉनेट उघडून आत वाकली होती. दादा तिच्यामागे हाताची घडी घालून उभा होता. अंगात घरामागच्या आपल्या छापखान्यातला शर्ट, बाहीला शाईचा डाग. त्यानं छोटूकडे बघितलं नाही. छोटूनं त्याच्याकडे बघितलं आणि आपल्या फडक्यानं उगाचच हात पुसले.

"आलात छोटे मामा? छान. टॉर्च धरा जरा. मोठे मामा मघापासून माझ्या डोळ्यांतच मारतायत."

छोटूनं टॉर्च घेतला. घेताना दादाची बोटं त्याच्या बोटांना लागली आणि दोघांनीही हात असे मागे घेतले की टॉर्च पडतापडता राहिला.

"अहो धरा की नीट! लहान आहात का?" ओतारीण करवादली. "हां. आता बघा. ही पत्र्यावरची कंपनीची पाटी. हिच्यावर मूळ इंजिनचा नंबर आहे. आणि हा इथं, ब्लॉकवर ठोकलेला. दोन्ही वेगळे."

"ते आम्हाला ठाऊक आहे," दादा म्हणाला. "पुढचं बोल."

"पुढचंच बोलतेय. नुसता नंबर वेगळा नाही, सुरुवातीची अक्षरंच वेगळी आहेत. हे स्पोर्ट्स गाडीचं इंजिन नाहीच मुळी. त्याच कंपनीच्या चार दारांच्या घरगुती गाडीचं आहे. ब्लॉक दोन्हींचा सारखाच दिसतो. वर कार्ब्युरेटर पिवळीचेच जुने लावलेत, म्हणून बघणाऱ्याला पत्ता लागत नाही."

"मग तू कशावरून म्हणतेस?" छोटूनं विचारलं.

"पिवळीचा पेट्रोलचा पंप मागे डिकीखाली आहे ना, बॅटरीवर चालणारा? मग ब्लॉकवर पंपाला जागा ठेवायचं कारणच नाही. आणि हे काय आहे? इथं भोक आहे, आणि त्यावर चकती लावून ते बुजवलंय. घरगुती गाडीत पंप बरोबर इथं बसतो."

छोटूनं वाकून बघितलं. त्याच्या तोंडून शिटीसारखा आवाज निघाला. "च्यायला. आणि मी ह्याच चकतीला रंग मारला होता."

"झालं!" दादा एकदम पेटला. "म्हणजे भंगारातल्या कुठल्यातरी डबड्याचं इंजिन! भंगारातल्या गाड्या कुणाकडे येतात? माझ्या छापखान्यात येतात?"

"दादा, थांब."

"का थांबू? आज निकालच लागू दे. अण्णांचं इंजिन विकलंस तू. ते पडून होते आणि तू..."

"मी?" छोटूचा आवाज फाटला. इतकी वर्षं त्यानं जे गिळलं होतं ते सगळं एकदम वर आलं. "अरे, रंगाला गाडी माझ्याकडे आली तेव्हाच मला नंबर वेगळा दिसला होता! आली तेव्हाच हे इंजिन होतं तिच्यात. मी रात्ररात्र झोपलो नाही दादा. म्हटलं, छापखाना अडचणीत आहे, दादानंच नाइलाजानं विकलं असणार. अण्णांना कळलं तर ते आणखी खचतील, म्हणून तोंड शिवलं मी. आणि तू मला सगळ्यांसमोर चोर म्हणालास. मला वाटलं, तू स्वतःला वाचवायला माझ्यावर ढकलतोयस."



"मी विकलं?" दादा म्हणाला. "तुला इतकी वर्षं वाटत होतं, की मी..."

"मग दुसरं काय वाटणार?"

"आणि तरी तू कुणाला बोलला नाहीस?"

"कुणाला बोलू? तू माझा दादा आहेस ना!"

दारात उभ्या राहिलेल्या वहिनीनं पदर डोळ्यांना लावला आणि लगेच काढला, कारण आता रडायचं की दोघांना बदडायचं हेच तिला ठरवता येईना. ओतारीण मात्र आपल्या कामात होती. तिनं ऑइल बघायची पट्टी ओढून काढली आणि टॉर्चच्या उजेडात धरली.

"हे काय बांधलंय? तार आहे की दोरा?"

पट्टीच्या वरच्या कडीला काहीतरी काळंकुट्ट गुंडाळलेलं होतं. तिनं छोटूच्या डब्यातलं थोडं पेट्रोल फडक्यावर घेतलं आणि घासायला लागली. काळं निघालं, मग तपकिरी निघालं, आणि मग आतून लाल रंग दिसला.

"लोकर आहे. इंजिनला लोकर कोण बांधतं?"

दादा पुढे आला. त्यानं ती पट्टी तिच्या हातातून घेतली.

लहानपणी दर रविवारी सकाळी आईच्या निळ्या गाडीचं ऑइल बघायचं काम त्याचं होतं. आई स्वेटर विणता विणता ओट्यावरून ओरडायची, "लाल दोऱ्यावाली ओढ रे, दुसऱ्या कशाला हात लावू नकोस!" बॉनेटखाली सगळंच सारखं दिसतं म्हणून ती खूण तिनंच बांधली होती. निळी गाडी चार दारांची होती, पिवळीच्याच कंपनीची. अण्णांच्या शेवटच्या वर्षांत आईनं ती एक दिवस अचानक विकून टाकली. डोळ्यांना उजेड सोसत नाही, आता नाही चालवत, म्हणाली.

"छोटू," दादा म्हणाला. कितीतरी वर्षांनी त्यानं हे नाव तोंडातून काढलं होतं. "हे आईच्या निळीचं इंजिन आहे रे."

कुणी काही बोलायच्या आत बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला.

"बाई गं, आई!" वहिनीनं बॉनेट खाली ओढलं, ओतारणीचं बोट चेंगरता चेंगरता वाचलं. दादानं पट्टी पाठीमागे लपवली. छोटूनं लपायला जागा शोधली आणि दोन सीटांच्या गाडीमागे जेवढं लपता येतं तेवढा लपला, म्हणजे टक्कल सोडून बाकीचा.

आई थेट गॅरेजमध्ये आली. मागून ताई, चेहरा पडलेला.

"दुकानदार म्हणाला, काडी कुणीतरी मुद्दाम सैल केलीय," आई म्हणाली. "दोन मिनिटांत आवळून दिली. पुढे ही बया मला भाजी बघू, चादरी बघू, म्हणत फिरवतेय. तेव्हाच ओळखलं, घरात काहीतरी शिजतंय. छोटू, ऊठ. गुडघे दुखतील."

छोटू उठला.

"काय चाललंय?"

"काही नाही आई," वहिनी घाईघाईनं म्हणाली. "ऑइल बघतोय."

"सगळे मिळून?"

दादानं ताईकडे बघितलं. ताईनं दादाकडे. कायदा तिचा होता, मोडायचा तर तिनंच. ती खाली स्टुलावर बसली आणि म्हणाली, "सांगून टाका रे आता. माझ्यात दम नाही राहिला."

आणि त्यांनी सांगितलं. दादा सांगायला लागला की छोटू दुरुस्त करायचा, छोटू सांगायला लागला की वहिनी भर घालायची. नंबर जुळला नाही ते, चोर म्हटलं ते, एकमेकांवरचा संशय, पायरी न चढणं, ताईचा कायदा. आई ऐकत उभी होती. शेवटी दादानं पाठीमागची पट्टी पुढे केली.

आईनं ती घेतली, चष्म्याजवळ धरली, आणि अंगठ्यानं ती लोकर कुरवाळली.

"एवढ्यासाठी?" ती म्हणाली. "एवढ्यासाठी तुम्ही दोघं बोलत नव्हता?"

छोटूनं हो म्हणून मान हलवली.

"अरे गाढवांनो, मला विचारायचं की! मीच दिलं ना ते इंजिन!"

"तू?" तिघा भावंडांचा एकच आवाज.

"मग कोण? अण्णांच्या छातीत एकदा दुखलं तेव्हा ह्या डॉक्टरीणबाईंनी फर्मान काढलं. जोरात गाडी चालवायची नाही. दात सोडून छातीचं हिला काय कळतं? पण लेकीपुढे तोंड कोण उघडणार! म्हणून मग आम्ही मावशीला बघायला जायला लागलो."

"आजारी होती ती मावशी?" ताईनं विचारलं.

"काही आजारी नव्हती, ठणठणीत होती. तिला सांगून ठेवलं होतं, फोन आला तर कण्हायचं. आम्ही जायचो त्या बंद पडलेल्या धावपट्टीवर. विमानं उतरत नाहीत आता तिथं. सरळसोट रस्ता, चिटपाखरू नाही." आईच्या चेहऱ्यावर वेगळंच काहीतरी आलं होतं. "काय पळायची रे पिवळी! तर एके दिवशी ऑइलचा पाइप सुटला आणि आम्हाला कळलंच नाही. आतून असा आवाज आला की वाटलं संपलं सगळं. इंजिनातला दांडा तुटून इंजिनचीच भिंत फोडून बाहेर आलेला."

"कोण चालवत होतं?" ओतारणीनं विचारलं.

"ते कशाला हवंय तुला?" आई म्हणाली, आणि चष्मा सारखा करायला लागली.

वहिनीनं तोंडावर हात घेतला, पण हसू काही आवरलं नाही.

"अण्णा रस्त्यात बसून राहिले. बोलेनात. तसं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, माझ्या निळीचं काढा आणि घाला, एकाच कंपनीचं आहे, बसेल. एक मिस्त्री गाठला, त्यानं बसवलं, आणि उरलेली निळी त्यालाच विकली. तुम्हाला सांगितलं असतं तर ताईनं पिवळीची किल्लीच काढून घेतली असती. म्हणून ठरलं, मुलांच्या कानावर जाऊ द्यायचं नाही."

"आणि आम्ही ठरवलं, आईच्या कानावर जाऊ द्यायचं नाही," ताई म्हणाली आणि कपाळावर हात मारून घेतला.

"मला काय वाटत होतं सांगू?" आईचा आवाज आता बारीक झाला होता. "अण्णा गेले तेव्हा छोटूला उशिरा कळवलं गेलं. तो पोचला तेव्हा सगळं संपलं होतं. मला वाटलं, त्याचा राग आहे. ज्याला बापाचं शेवटचं दर्शन झालं नाही त्याला मी कुठल्या तोंडानं सांगणार की भावाला माफ कर? म्हणून गप्प राहिले. आणि तुम्ही आपले इंजिनवरून!"

छोटू तिच्याजवळ गेला. "त्याचा राग नव्हता गं आई. खरंच नव्हता. दादानं पहिला फोन मलाच केला होता. मलाच लागला नाही."

आईनं एक मोठा सुस्कारा सोडला आणि गाडीच्या बॉनेटला टेकून उभी राहिली. इतकी वर्षं छातीवर ठेवलेला दगड कुणी उचलावा तशी ती श्वास घेत होती.

दादाला मात्र अजून चैन पडत नव्हतं. तो हिशेबी माणूस, प्रुफं तपासण्यात आयुष्य गेलेलं. "पण आई, मग अण्णांचं मूळ इंजिन? ते कुठं गेलं? विकलं?"

"विकेल कोण? फुटकं इंजिन कोण घेणार! आणि अण्णांना टाकवेना. मागच्या अंगणात आहे. तुझ्या बायकोच्या कुंड्यांखाली."

सगळे मागच्या अंगणात धावले. भिंतीशी ताडपत्रीत गुंडाळलेलं काहीतरी वर्षानुवर्षं पडून होतं, त्यावर फळी, फळीवर वहिनीच्या कुंड्या. घरातल्यांना ते छापखान्यातलं वाटायचं आणि छापखान्यातल्या माणसांना घरातलं, म्हणून कुणी हात लावला नव्हता. दोघा भावांनी कुंड्या उतरवल्या. "हळू, जास्वंद आहे ती!" वहिनी ओरडत होती. ताडपत्री फाडली तर आत खरंच गंजून लाल झालेलं इंजिन, आणि त्याच्या कुशीत मूठ जाईल एवढं भगदाड. ओतारीण गुडघ्यांवर बसली, तारेच्या ब्रशानं गंज खरवडला आणि एकेक अक्षर मोठ्यानं वाचायला लागली. दादा पळत जाऊन पाटीवरचा नंबर हातावर लिहून आला. ती वाचायची, तो हाताकडे बघायचा.

शेवटचा आकडा जुळला आणि दादा मटकन फळीवर बसला.

"हुश्श," ओतारीण म्हणाली. "हेच ते. जीव भांड्यात पडला की नाही सगळ्यांचा?"

दादा छोटूकडे बघत होता. त्याला खूप काही म्हणायचं होतं. त्यानं सुरुवातही केली. "छोटू, मी तेव्हा जे बोललो..."

"मीही मनात कमी नाही बोललो," छोटू म्हणाला. "सोड. फिटंफाट."

"फिटंफाट कसली? तू मनात बोललास, मी चारचौघांत."

"मग चारचौघांत मला एकदा 'छोटू' म्हण. बास झालं."

"छोटू," दादा म्हणाला. छोटूनं त्याला हात धरून उठवलं. उठल्यावरही दादानं हात सोडला नाही.

पुढून हॉर्नचा आवाज आला. पिवळीचा घोगरा हॉर्न. सगळे पळत गॅरेजकडे गेले तर आई पिवळीत बसलेली, स्टिअरिंगमागे.

"किल्ली फिरवली तर नुसती खरखर करतेय," ती म्हणाली. "धक्का द्या."

"आई, तुझं बीपी!" ताई ओरडली.

"गप बस. आधीच एकदा ऐकलं तुझं. गाडी छोटूची, कबूल. पण इंजिन माझं आहे, एक फेरी माझी. बस शेजारी, बीपीच बघायचं असेल तर शेजारी बसून बघ."

ताई चक्क बसली. दर रविवारी दादा पिवळी अंगणात पुढेमागे करायचा, राग इंजिनवर होता, गाडीवर नव्हता, त्यामुळे बाकी सगळं ठीक होतं. बॅटरी तेवढी जुनी होऊन उतरली होती. छोटूनं ऑइलची पट्टी जागेवर घातली आणि डब्यातलं पेट्रोल टाकीत ओतलं. "मला वाटलं होतं, चोर ठरलो तरी एकदा आवाज ऐकून जावं," तो दादाला म्हणाला. दादानं त्याच्या पाठीत एक धपका घातला. मग दोघं खांद्याला खांदा लावून मागे लागले. गाडी फाटकापर्यंत गेली, एक गचका, दुसरा गचका, आणि एकदम अशी गरजली की समोरच्या झाडावरचे पक्षी उडाले. आईनं मागे वळूनही पाहिलं नाही. कोपऱ्यावर ताईची किंकाळी ऐकू आली, आणि पाठोपाठ आईचं हसणं.

दोघं भाऊ धुरात खोकत, हसत उभे राहिले. हात कोपरापर्यंत काळे झाले होते. छोटूनं सवयीनं खिशातलं फडकं काढलं, त्याकडे बघितलं आणि परत खिशात घातलं. मग तो ओट्याच्या पायऱ्या चढला. दारात वहिनी उभी होती.

"वहिनी, काळे हात धुवायचा साबण हल्ली कुठं ठेवता?"

"हल्ली म्हणजे?" वहिनी म्हणाली. "होता तिथंच आहे. मोरीच्या खिडकीत."